भेंडीच्या पाट्यांची वाट

सापगाव,
ता. ९ डिसेंबर १९९९

ती. काशीताईस,
धाकट्या देवरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे बरे. भात झोडून झाला, भेंडी जोरात आहे. रोज पाट्या स्टेशनात टाकतो. लडकू हमाल त्या हातगाडीवर घालून, फाटकातनं, रुळांमधल्या फळ्यांवरून पलीकडच्या फलाटावर नेतो. तिथनं गाडीनं कल्याण.

एक वाईट सांगायचंय. भूमिकाचं कॉलेज बंद करतो. पोलिओचा पाय, तुला ठाव आहेच. सपाटीला कुबड्यांवर पोर वाऱ्यासारखी जाते, पण कॉलेजची गाडी पलीकडच्या फलाटावर, नि स्टेशनातल्या पुलाच्या पायऱ्या चढवत नाय. दोन वर्षं मीच पाठीवर घेऊन चढलो-उतरलो. परवा मधल्याच पायरीवर कंबर धरली. दोघं तिथंच बसलो, लोक वळसा घालून जात होते. डॉक्टर बोलला, ओझं उचलायचं नाय. मार्चला हिची परीक्षा. पोर माझ्याशी बोलत नाय. तू तरी रागावू नको.

तुझा, देवराम


मुरबाड,
ता. १४ डिसेंबर १९९९

चि. देवरामास आशीर्वाद.

रागावू नको म्हणतोस? रागावणार! अरे, तूच लिवतोस की पाट्या सपाट वाटेनं जातात. मग पोर का नाय? भेंडीला वाट नि माझ्या भाचीला पायऱ्या? दोन वर्षं तू पाट्या हातगाडीवर घातल्यास नि पोरीला पाठीवर, एकदा तरी डोक्यात आलं का रे तुझ्या?

जा, त्या स्टेशनमास्तराला विचार. लहानपणी बैलाला घाबरायचास, आता मास्तराला घाबर! कॉलेज बंद केलंस तर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाय. कंबरेला निरगुडीचा पाला शेकून बांध, नि निजून राहा.

तुझी ताई, काशी


सापगाव,
ता. २१ डिसेंबर १९९९

ती. ताईस शि. सा. न.

विचारलं. मास्तर बोलला, ती वाट मालाची, माणसांची नाय. फाटकाला कुलूप त्यासाठीच. जास्त तोंड चालवलंस तर पाट्या पण बंद. मी मागं फिरलो. घाल शिव्या.

पण भूमिकानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आली. पाट्या चढल्या तशी स्वतः पण हातगाडीवर चढून बसली, कुबड्या मांडीवर. मास्तराला बोलली, मला मालच समजा, माझं वजन करा नि भाडं लावा. मास्तर लालबुंद झाला. लडकूला बोलला, उतरव हिला. लडकूनं हातगाडीची मूठच सोडली, बोलला, पोर उतरली तर माल पण उतरेल. भाजीवाले, पासवाले सगळे जमले. कल्याणची गाडी निघून गेली, भेंडी उन्हात सुकली. पण उतर, असं मी तिला एकदा पण बोललो नाय गो. एवढं तरी माझ्या बाजूला धर.

तुझा, देवराम


सापगाव,
ता. १० फेब्रुवारी २०००

ती. आत्यास सा. न.

कुलूप निघालं! रोज जाऊन हातगाडीवर बसत होते, शेवटी वरचा साहेब आला. फाटकापाशी एकच उंच पायरी होती, लडकूकाका तिथं हातगाडी उचलून घ्यायचे; त्या पायरीवर सिमेंटचा उतार केला. दोन गवंडी सकाळी लागले आणि दुपारच्या जेवणाला घरी गेले. झालं काम.

काल पहिल्यांदा त्या वाटेनं गेले, रुळांवर गाडी येते का बघायला लडकूकाका सोबत. पलीकडे पोचून वळून बघते तर बाबा पुलाच्या पायथ्याशी उकिडवे बसलेले, सवयीनं, माझ्यासाठी पाठ पुढे करून. मी हाक मारली. त्यांनी बघितलं, हसले, पण उठता येईना. लोकांनी धरून उठवलं.

मी रडले. बाजूच्या बाया म्हणाल्या, आनंद झाला पोरीला. आनंद कसला गो आत्या! संताप आला. अर्ध्या दिवसाचं काम, आणि तेवढ्यासाठी माझ्या बाबांची पाठ गेली!

परीक्षा देणार आहे. सोमवारी बाबांना कल्याणच्या डॉक्टरकडे नेते. पुलावरून नाय, माझ्या वाटेनं.

लोभ आहेच, तुझा रागही असाच असू दे.

तुझी, भूमिका