उशिरा मिळालेलं घर

आत्याबाई,

परवा समोरच्या बंगल्यातली सून आली होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी ती लग्न होऊन इथे आली. तिच्या नवऱ्याला आखातात नोकरी लागते आहे, तिलाही तिकडे काम मिळेल असं कुणीतरी सांगितलंय, आणि घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. "काकू, तुम्ही बारा-तेरा वर्षं मस्कतला काढलीत. तिकडे राहण्याचे फायदे-तोटे सांगा ना मला, अगदी खरं खरं." मी सांगितले. नळाला दिवसभर पाणी असतं, वीज जात नाही. बाई एकटी गाडी घेऊन निघाली तर कुणी वळून बघत नाही. दवाखान्यात कामाला असलीस तर तू किती नीट काम करतेस एवढंच बघतात, कुणाची सून आहेस ते विचारत नाहीत. आणि तोटे? उन्हाळ्यात संध्याकाळी सातलासुद्धा भिंतीला हात लावता येत नाही. किती वर्षं राहिलीस तरी पासपोर्टवर शिक्का असेल तोवरच तू तिथली. इकडे कुणी गेलं तर तिसऱ्या दिवशी पोचतेस. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "आणि बाळाला सुरुवातीला इथे आईंकडेच ठेवलं तर?" मी उठले आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा दुसराच विषय काढला.

तेव्हापासून तुम्ही डोळ्यासमोरून हलत नाही. चौऱ्याण्णव सालचा जून. याच स्वयंपाकघरात तुम्ही खाली बसून मेथी निवडताय, आम्ही दोघं नवरा-बायको समोर उभे. तुमच्या मुलाला मस्कतला एका कंपनीत आणि मला तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागलेली. मला इतर मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचं होतं, त्याला शहराबाहेर कंपनीच्या खोल्यांवर. कंपनीकडून कुटुंबासाठी घर मिळालं की मुलीला न्यायचं, असं ठरलेलं. मुलगी दोन वर्षांची. तुम्ही मेथीची काडी खुडत म्हणालात, "जावा तुम्ही. एक पोरगी मला जड नाय. मी मळ्यात चार भावंडं सांभाळली." मग माझ्याकडे बघून, "घर मिळालं का न्याल लगेच. लेकरू आईजवळच बरं." त्यात टोमणा नव्हता. तुम्हाला टोमणे मारता येत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

पहिली दोन वर्षं मी खरंच झुरले. रोज रात्री पोरीचा फ्रॉक उशीखाली घेऊन झोपायचे. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी टेलिफोनच्या रांगेत उभी राहून शेजारच्यांकडे फोन लावायचा, तुम्ही पोरीला कडेवर घेऊन धावत यायचा, तुमचा दम लागलेला ऐकू यायचा आणि पोरगी काही बोलायचीच नाही. पहिल्या सुट्टीत घरी आले तर ती तुमच्या पदराआड लपली. तुमचा मुलगा तुम्हाला आई म्हणतो ते ऐकून तीही तुम्हाला आईच म्हणायला लागली होती, आणि मी होते मस्कतची मम्मी. चौथ्या दिवशी माझा तोल गेला. तिची वेणी घालताना तिने "आईकडून घालणार" म्हणून रडं काढलं आणि मी खेकसले, "ती आजी आहे तुझी, आई मी आहे." तुम्ही कणिक मळत होतात. हात धुतलेत, पोरीला माझ्यापुढून उचललंत आणि म्हणालात, "तिच्यावर कशाला चिडते? आई म्हणायला समोर कोणी तरी लागतं ना." तुम्ही मला असं एकदाच बोललात. मला त्याचा राग आला होता, आणि तो राग मी परत जाताना बरोबर नेला. पुढे जे केलं त्यात त्या रागाचाही थोडा वाटा असावा. पण सगळा दोष त्याच्यावर टाकत नाही.

कारण तोवर मला ते शहर आवडायला लागलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पत्रांत उकाडा, एकटेपणा, खजूर खाऊन कंटाळा असलंच लिहायचे. परदेशात राहणाऱ्या बाईने घरी तेच लिहायचं असतं असं वाटायचं. पण खरं असं होतं की मी गाडी चालवायला शिकले. तीनदा नापास झाले, चौथ्यांदा पास झाले. लॅबमधल्या डॉक्टरीणबाई माझे रिपोर्ट दुसऱ्यांदा तपासत नसत. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला लॅबची प्रमुख केलं, हाताखाली तीन माणसं. नाशकात लग्नाआधी मी ज्या पॅथॉलॉजीत काम केलं तिथे मला बाटल्या धुण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. काम संपलं की समुद्राकाठच्या रस्त्याने मी उगीच गाडी घेऊन जायचे. एका बाजूला उघडे तपकिरी डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. घरी कुणी वाट बघत नाही, कुणाला सांगून निघालेली नाही. तीस वर्षांच्या आयुष्यात असं मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

आणि त्याच वर्षी आम्हाला घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटी गच्ची. ज्या दिवशी किल्ली मिळाली त्या दिवशी तुमचा मुलगा म्हणाला, "आता फोन लावतो आईला. शाळा सुरू व्हायच्या आत घेऊन येऊ." मी म्हटलं, "थांब जरा." लॅब हातात येऊन दोनच महिने झाले होते. मुलगी आली की तिला दिवसभर कोण बघणार, मला नोकरी सोडावी लागणार, हे मला दिसत होतं. म्हटलं, थोडे दिवस जाऊ दे, मी बसवते घडी. तो हातातली किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "आईला काय सांगायचं?" मीच म्हणाले, "घर नाही मिळालं अजून, असं सांग." त्याने तुम्हाला तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर तो गच्चीत जाऊन उभा राहिला. त्याने मला अडवलं नाही, आणि मला तेव्हा ते प्रेम वाटलं.

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष झालं. दर शुक्रवारी तुम्ही विचारायचात, "घराचं काय झालं गं?" आणि मी त्याच घरातल्या नव्या फोनवरून सांगायचे, "नाही ना अजून, आत्याबाई." तुम्ही म्हणायचात, "मिळंल. काळजी करू नको, पोरगी मजेत हाय." एकदा तुम्ही मध्येच विचारलंत, "पावसाळ्याच्या आत होईल का?" मला वाटलं शाळेसाठी विचारताय. मी म्हटलं, सांगता येत नाही. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन पोरीकडे दिलात.

पुढच्या एप्रिलमध्ये, घर मिळालं असं एकदाचं कळवून, मी तिला न्यायला एकटीच आले. पहिल्याच सकाळी तुम्ही चहा ओतलात तो कपाच्या डाव्या बाजूने बशीत गेला. हसलात आणि फडक्याने पुसलंत. तांदूळ निवडताना तुम्ही मान पूर्ण डावीकडे वळवून ताटात बघत होतात. मी विचारलं तर म्हणालात, "जरा धूसर दिसतं. वय झालं." दोन दिवसांनी मी पोरीला घेऊन मळ्यावर मामांना भेटायला गेले. तुमचे भाऊ वाफ्यात पाणी देत होते. त्यांनी वाफ्याचं दारं मोडून पाणी वळवलं, पाय धुतले, बांधावर येऊन बसले. पोरगी पाण्यात खेळायला गेली तसं म्हणाले, "सूनबाई, तुला म्हनून सांगतो. आक्काचा डावा डोळा गेला. काचबिंदू. डॉक्टरनं मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं व्हतं, ऑपरेशन करून घ्या, गेलेली नजर माघारी येत नाय. मी लय मागं लागलो. पन ही म्हनायची, मी दवाखान्यात पडल्यावर पोरीला शाळेत कोन सोडंल, तिला कोन जेवू घालंल. पोरांना घर मिळू दे, पोरगी आईकडं गेली का दुसऱ्या दिवशी करते." मग त्यांनी साधंच विचारलं, "घर कधी मिळालं तुम्हाला?"

मी म्हटलं, "आत्ताच, मामा. महिन्यापूर्वी."

ते म्हणाले, "हां. मग काय करनार." उठले आणि पुढच्या वाफ्याला पाणी लावलं.

रिक्षाने इंदिरानगरला घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की तुम्हाला सगळं सांगायचं. तुम्ही ओट्याशी उभ्या होतात, पोरीबरोबर द्यायचा काळा मसाला डब्यात भरत. मी आत आले, पिशवी ठेवली, म्हटलं, "आत्याबाई, मामांनी मला डोळ्याचं सांगितलं." तुम्ही वळलात. माझं तोंड कसं झालं होतं माहीत नाही, पण तुम्ही घाबरलात, मला धरून पाटावर बसवलंत आणि स्वतःच बोलायला लागलात. "तू मनाला लावून घेऊ नको. त्याला सांगू नको म्हटलं व्हतं मी. घर मिळायला उशीर झाला, त्याला तुम्ही तरी काय करणार? परमुलूख आहे, तिथं आपलं काय चालतं." माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात. मला सांगायचं होतं. पण तुम्ही मला निसटायला वाट दिली होती, आणि मी त्याच वाटेने निघून गेले. मी रडले, तेही तुम्हाला प्रेमाचंच वाटलं असेल. मग तुम्ही डब्याचं झाकण लावून फडक्याने बांधलंत आणि म्हणालात, "हिच्या भाजीत अर्धाच चमचा टाक. ठसका लागतो तिला." सहा वर्षांच्या माझ्या मुलीला कशाचा ठसका लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

पोरगी मस्कतला आली. आठ दिवस धड जेवली नाही, तिसऱ्या दिवशी मला "काकू" म्हणाली. आणि ज्या भीतीपायी मी वर्ष काढलं ती गोष्ट तर घडलीच नाही. खालच्या मजल्यावर एक मंगळूरची बाई राहायची, स्वतःच्या दोन मुलांबरोबर आणखी दोघा-तिघांना सांभाळायची. दहा दिवसांत सोय झाली. माझी नोकरी गेली नाही, लॅब गेली नाही. ती बाई वर्षभर आधीही तिथेच राहत होती. मी कधी विचारायला खाली गेले नव्हते.

पोरगी गेल्यावर तुम्ही उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंत, तो वाचला. दोन वर्षांनी आमच्या आग्रहाखातर महिनाभर मस्कतला आलात. मी तुम्हाला समुद्राकाठच्या त्याच रस्त्याने नेलं. तिकडे चालक डाव्या हाताला बसतो, तुम्ही माझ्या उजवीकडे. म्हणजे मी तुमच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. मला बघायचं तर तुम्हाला पूर्ण मान वळवावी लागत होती. सगळे बाहेर पाणी बघतात. तुम्ही मात्र मान वळवून सारखं माझ्याकडेच बघत होतात, स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे. बऱ्याच वेळाने म्हणालात, "छान चालवते गं तू गाडी. आमच्यात कुणा बाईला हे आलं नाय." मी नजर रस्त्यावर ठेवली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, आणि आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो.

आता आम्ही इथेच आहोत, तुमच्या घरात. मला पश्चात्ताप होतो का, तर होतो, रोज नाही पण होतो. तरी त्याच्या शेजारीच दुसरी गोष्ट बसलेली आहे आणि ती काही केल्या हलत नाही. ते वर्ष, तुमचा डोळा जात होता ते वर्ष, मी फार सुखात काढलं. मागे वळून ते दुःखाचं करता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

गेल्या आठवड्यात पोरीचा पुण्याहून फोन आला. कॉलेजात तिचं डोकं दुखत होतं म्हणून डोळे तपासायला गेली होती, तिथे विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का. डोळे चांगले आहेत तिचे, काळजी नसावी. पण तिने मला विचारलं, "आजीला होता ना? मग वेळेवर ऑपरेशन का नाही केलं तिने?" मी म्हटलं, "अगं, जुनी माणसं. दुखणं अंगावर काढायची, ऐकायची नाहीत कुणाचं." ती म्हणाली, "वेडी होती आजी." मी हो म्हटलं.

चार पानं झाली. तुमच्यापर्यंत ती कशी जाणार, आणि गेली तरी तुम्ही उलट माझीच समजूत घालाल. खरं सांगायचं तर मी हे पत्र पोरीला लिहायला बसले होते. वर तिचं नाव लिहवेना, म्हणून तुमचं लिहिलं.