नानांचं घड्याळ चार ते सहा कुठे असतं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर. यावल.

आजही तेच. चार ते सहा घड्याळ गप्प.

नानांना, म्हणजे वडिलांना, स्टेंट बसवून दोन महिने झाले. डॉक्टरांनी केळीच्या बागेत जायला बंदी घातली, म्हणून मी त्यांच्या मनगटावर हे स्मार्टवॉच बांधलं. ते नाडीचे ठोके त्यांच्या फोनला कळवतं, फोन मला ऑफिसात. पण चार वाजले की दोघांचं बोलणं बंद. नाना म्हणतात, बॅटरी संपते. आठवडाभर चालणारी बॅटरी रोज चारलाच कशी संपते? आधी दुकानदारावर संशय घेतला. उगाच.

आज मी लवकर घरी आलो; सहाला नाना परतले, तेव्हा पट्ट्यावर काळा डाग दिसला. मनगटावरच साबणाने घासला, जाईना. केळीचा चीक?

"नाना, कुठे होता?"

"मारोतीच्या पारावर. मले काय इचारतो? तुह्या घड्याळालेच इचार!"

विचारलं. फोन उशीखाली ठेवून गेलं की घड्याळाला काही कळत नाही, असा नानांचा समज. ते बिचारं सगळं साठवतं आणि घरी येऊन फोनजवळ चहाडी करतं. पाच हजार पावलं! पाराला एवढ्या प्रदक्षिणा? आणि तो डाग. म्हणजे विळा घेऊन केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होते.

दम द्यायला उठलोच होतो, तेवढ्यात नाडीचा आलेख दिसला. बागेतले दोन्ही तास ऐंशीच्या आत, शांत. एकशे दहावर गेली ती सहा वाजून पाच मिनिटांनी. मी "कुठे होता?" विचारलं, तेव्हा.

उद्या डॉक्टरांना विचारायला हवं, बंदी बागेवर ठेवायची की माझ्यावर.