लांब तीनशे, बुटका तीनशे

७ सप्टेंबर, शनिवार

आज या घरात एका विद्याशाखेचा अंत झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी पाच काडतुसे उभी करून ठेवली होती. डावीकडून उजवीकडे, गुणानुक्रमे. पहिला मान लांब तीनशे मॅग्नमचा, शेवटचा बुटक्या, अंगाने जाड्या तीनशेचा, मधे इतर इच्छुक. एल्कसारख्या घोड्याएवढ्या हरणासाठी यंदा कोणते काडतूस वरावे, याचे ते स्वयंवर होते. लॉर्नाने धूळ पुसताना सगळी उचलली आणि मिठाच्या बरणीमागे कशीही उभी केली. विचारले तर म्हणाली, "मोजून घे, पाचच्या पाच आहेत." संख्या म्हणजे ज्ञान नव्हे, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोला कसे सांगावे?

क्रम पुन्हा लावला. चष्मा गाडीत राहिला होता. त्याची गरज पडली नाही.

संकल्प: जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल यंदा निवृत्त. वडिलांच्या काळापासून तिने या घराला मांस पुरवले, मान्य. पण तिचा पल्ला तोकडा. जनावर दिसले की जवळ जावे लागते. आणि एल्कच्या बाबतीत जवळ म्हणजे नेहमी वर.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आमचे जमीन-नोंदणी खाते कचेरीच्या वरच्या मजल्यावर का, हे कोणालाही माहीत नाही. जिन्याच्या वळणावर जिल्ह्याच्या पहिल्या शेरीफचे चित्र आहे. हल्ली मी रोज तिथे थांबून त्याच्या मिशीचा अभ्यास करतो. फार बारकाईने काढलेली मिशी आहे. खात्यातली पोरे धडधडत वर निघून जातात. कलेविषयी आस्था उरली नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

रात्री क्लेटन जेवायला. लॉर्नाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा आणि शिकारीतला कायमचा जोडीदार. गेल्या वर्षीच्या एल्कचा शेवटचा रोस्ट होता. मी त्याला खिडकीतले स्वयंवर सांगितले, मग तीनशे मॅग्नमची महती: गोळीचा वेग, तिचा सपाट मार्ग, पाचशे यार्डांवर उरणारा जोर. तो सावकाश चावत राहिला. मग म्हणाला, "दाजी, थर्टी-ऑट-सिक्सनं तुमचं काय वाकडं केलं? मेली का ती?"

मी म्हटले, प्रश्न पल्ल्याचा आहे. खालच्या कुरणात बसून दरीपलीकडचे जनावर टिपता आले पाहिजे.

"टिपाल हो. पुढं? मेलेला एल्क दरी उतरून गाडीत येऊन बसणार का?"

लॉर्ना म्हणाली, "पट्टासुद्धा लावेल तो. अंगानं मोठा असला तरी शहाणा असतो." दोघे बहीणभाऊ बराच वेळ हसले.

मग क्लेटनने विचारले, "आपल्या वॉशबोर्डच्या डोंगरकड्यावर यंदा जायचंच नाही असं ठरवलंय का?" मी पाय घ्यायला उठलो. म्हणजे ॲपल पाय. चांगला झाला होता.

२१ सप्टेंबर, शनिवार

रायफल घेतली! लांब तीनशे. गावातला दंतवैद्य ॲरिझोनाला निघाला, त्याची. जवळजवळ कोरी. सोबत अर्धा डबा काडतुसे फुकट. एवढी उत्तम वस्तू तो का विकतो, असे विचारले, तेव्हा त्याने नुसता खांदा चोळला. दंतवैद्य मुळात नाजूक प्रकृतीचे असतात.

२८ सप्टेंबर, शनिवार

नेमबाजीच्या मैदानावर. पहिल्याच बाराला दुर्बिणीची कड भुवईवर आदळली. आता तिथे रेखीव चंद्रकोर आहे. माझ्या लक्ष्यावर एकही भोक नाही, शेजारच्या माणसाच्या लक्ष्यावर एक जास्त. वारा होता.

क्लेटन म्हणे, "दाजी, तुम्ही डोळे मिटून चाप ओढताय." मी त्याला एकाग्रता म्हणतो. दंतवैद्याची काडतुसे संपेपर्यंत एकाग्रता केली. शेवटच्या दोन गोळ्या कागदाला लागल्या. पैकी एक कोपऱ्यात, पण कोपराही कागदाचाच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

लॉर्नाने मला न विचारता डॉक्टर पुलियमची वेळ घेतली होती, आज दुपारची. म्हणते, "जिन्यावरून आलास की तुझा आवाज दुसऱ्या माणसाचा वाटतो." मी फोन करून वेळ पुढे ढकलली. शिकारीचा मोसम तोंडावर असताना निरोगी माणसाने दवाखान्यात बसणे हा वेळेचा अपव्यय. पुलियमकडची बाई म्हणाली, "मिस्टर थॉर्सरूड, ही तुमची तिसरी ढकल." शिष्टाचार उरला नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मोसमाची काडतुसे आणायला ओडेलच्या दुकानात गेलो. तीनशे या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळी काडतुसे विकली जातात, आणि गावठी शिकारी नुसते "तीनशे द्या" म्हणून फसतात. म्हणून मी नमुनाच सोबत नेला. निघताना खिडकीतले डावीकडून पहिले उचलले आणि खिशात टाकले. लॉर्ना तिथेच खांद्यावर फडके टाकून उभी होती. "घाईत आहेस, नीट बघून घे," म्हणाली. दोन महिने ज्याने या विषयाला वाहून घेतले, त्याला हे सांगते!

ओडेलने नमुना हातात फिरवला. "आर्विड, हेच ना नक्की?" मी त्याला गोळीच्या मार्गावर थोडक्यात काही सांगितले. थोडक्यात म्हणजे त्याने मधे दोन गिऱ्हाइके उरकली. शेवटी म्हणाला, "बरं बाबा, हेच," आणि दोन डबे पिशवीत घातले. विद्वत्तेपुढे दुकानदार नमतो.

घरी येऊन नमुना खिडकीत परत डावीकडे ठेवला. डबे उघडले नाहीत. मोहरबंद वस्तूला शोभा असते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

व्यायाम सुरू. स्मशानभूमीची टेकडी चढायची, रोज. आज अर्ध्या वाटेवरच्या बाकापर्यंत गेलो. तिथून गाव फार सुंदर दिसते, त्यामुळे पुढे जाववले नाही. घरी आल्यावर लॉर्ना तोंडाकडे बघत राहिली. "ओठ बघ तुझे," म्हणाली. मी म्हटले, थंडी. "थंडी मलाही वाजते, आर्विड. माझे असे होत नाहीत."

मोसमानंतर जाईन म्हणून वचन दिले. तारीख दिली नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. तळ

वॉशबोर्डच्या पायथ्याशी तंबू लागला. बर्फ घोट्याइतका. उद्या मोसमाचा पहिला दिवस. पिकअपमधून सामान काढताना घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी हाताला लागले. जुनी थर्टी-ऑट-सिक्स! तिच्या काडतुसांसकट. लॉर्नाचे काम. हा अविश्वास आहे. क्लेटन म्हणाला, "राहू द्या दाजी. म्हातारीलाही जरा हवापालट." तंबूच्या कोपऱ्यात, पाठ करून ठेवली.

उद्याची योजना: क्लेटन कड्यावर जाणार, मी कुरणाच्या काठी बसणार. जनावरे वरून हलली की माझ्या पल्ल्यात. योजनेत चढ कोठेही नाही. योजना निर्दोष आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

क्लेटन अजून निघायचा होता. जेमतेम उजाडलेले. आम्ही दोघे नारिंगी जाकिटांत गाडीमागे कॉफी पीत उभे, आणि कुरणाच्या कडेला, पाचशे सोडाच, दोनशे यार्डांवरसुद्धा नाही, एक नर. शिंगे एवढी की त्याचीच मान दुखत असावी.

मी सावकाश मोहर तोडली. काडतूस रायफलमध्ये घातले. ते जाईना. दुसरे घातले. तेही नळीच्या तोंडाशी अडून बसले, पाटावर न मावणाऱ्या जाड्या पाहुण्यासारखे. क्लेटनने माझ्या हातातून घेतले आणि बुडावर कोरलेली अक्षरे वाचली. फार हळू आवाजात म्हणाला, "दाजी, हा बुटका तीनशे आहे."

म्हणजे लॉर्ना दर शनिवारी धूळ पुसते, आणि मला ते ठाऊक होते.

क्लेटनची रायफल तंबूत होती. तो वळला तेवढ्यात बर्फ करकरला. एल्कने आमच्याकडे पाहिले. घाई कसली ती नाही. पाठ फिरवून वॉशबोर्डच्या चढाला लागला आणि झाडांत शिरला.

क्लेटन हसत सुटला. "स्वयंवर झालं दाजी, नवरी पळाली! चला, घ्या म्हातारीला. ताजा माग आहे, तासाभरात गाठू." दोन्ही रायफली घेऊन आला आणि थर्टी-ऑट-सिक्स माझ्या हातात दिली. तिच्यात काडतूस जसे जायला हवे तसेच गेले. आता माझ्यापाशी एकही कारण उरले नव्हते. निघालो.

पहिल्या वळणावर बुटाची नाडी बांधली. दुसऱ्यावर दुसऱ्या बुटाची. तिसऱ्या वळणावर बर्फात बसलो. क्लेटन पुढे गेला होता. वरून हाक आली, "दाजी, तिथंही शेरीफचं चित्र लावलंय का?" म्हणजे लॉर्नाने त्याला सांगितले होते, आणि तिला कचेरीतल्या कोणीतरी. मी नुसता हात वर केला. मग तो खाली आला आणि त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले.

माग वर जात होता, स्पष्ट, ताजा. क्लेटनने माझी रायफल काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली, दंडाला धरले आणि आम्ही खाली आलो. सगळी वाट तो एक शब्द वेडावाकडा बोलला नाही. बहिणीच्या लग्नापासून या माणसाने मला टोमण्याशिवाय एक दिवस सोडलेले नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

२७ ऑक्टोबर, रविवार. घरी

क्लेटनने रात्रीच घरी आणून सोडले. खिडकीतली पाचही काडतुसे तशीच आहेत. चष्मा लावून पाहिली. लांब तीनशे उजवीकडे शेवटी.

काडतुसाचा काही दोष नव्हता. कोणत्याच. एप्रिलपासून चढ चढताना माझ्या छातीत आवळून येते आणि डावा हात जड होतो. हे मी कोणाला सांगितलेले नाही, इथेही लिहिले नव्हते. उद्या सकाळी पुलियमकडे जायचे आहे, लॉर्ना सोबत येणार. मरणाची भीती आहेच, पण पुलियम म्हणेल, आर्विड, यापुढे वर जायचं नाही, त्याची जास्त वाटते.