तंगडी कोणाच्या ताटात

फुलचूर, रविवार, संध्याकाळ

सूप, पाव, बटाटे आणि अख्खी भाजलेली कोंबडी. कितीचं, ते लिहिता येत नाही. लेकाने, दीपकने, मला बिल पाहूच दिलं नाही. नागपूरचं गच्चीवरचं फ्रेंच हॉटेल. एकादशी नाही, एवढं पाहूनच आम्ही गेलो होतो. सगळं अळणी. हे मला म्हणाले, "तिखट मागून आणते का?"

वेटरने समोर कोंबडी कापली. "माताजी, लेग पीस किसको दूँ?"

मी म्हटलं, "पुष्पाला."

आमच्या घरी पहिली तंगडी धाकटीचीच. पण तिने आपल्या मनाने लग्न केलं, चिचगडला गेली, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात तिचं नाव नाही. माझ्या तोंडून आलं कसं?

"कोन पुष्पा?" हे म्हणाले. बाप असून!

दीपक पुटपुटला, "आई, काऊन नाव काढून राहिली?"

वेटर तंगडी धरून उभाच. शेवटी ह्यांच्या ताटात ठेवली. ह्यांनी तिला हातही लावला नाही. कोन पुष्पा, म्हणे. मग ती तंगडी खाल्ली का नाही?

कार्ड लिहिलं, उद्या टाकते. पुष्पा, एखाद्या रविवारी जेवायला ये. बाबांना मी सांगितलेलं नाही. येशील की नाही, उलट टपाली कळव.