लांबलेली प्रार्थना

सुवार्ता,

भात कुकरमध्ये आहे, बोंबलाचे कालवण झाकून ठेवले आहे. मी नेरुळला चर्चमध्ये बसायला जाते. आज रविवार नाही, वॉचमनने दार उघडले नाही तर पायरीवर बसेन. जेवायला थांबू नकोस. अभयही उशिरा येणार आहे.

काल जेवणाआधीची प्रार्थना मी मुद्दाम लांबवली. तू मान खाली घातलीस आणि ताटापुढेच तुला झोप लागली. किती दिवसांनी माझ्या सुनेचा चेहरा असा निवांत दिसला! म्हणून मी नगरच्या सगळ्या नातेवाइकांची नावे घेत राहिले, गेलेल्यांचीसुद्धा. अभय म्हणालाच, "आई, आता देवाला त्यांचे पत्तेपण देणार का?" तरी मी आमेन म्हटले नाही. शेवटी तुझा फोन वाजला, तोवर तुझी रात्रीची ऑनलाइन मीटिंग सुरू होऊन गेली होती. ऑफिसच्या मॅडम तुला बोलल्या. तू रडलीस आणि म्हणालीस, "मम्मी, तुमच्या देवाला वेळ आहे, मला नाही." राग नाही गं. माझेच चुकले.

मामंजी प्रार्थना करायचे तेव्हा भाकरी गार होऊन जायची, पण मन भरून यायचे. माझे हल्ली नुसते ओठ हलतात, शांती काही येत नाही. काल एवढेच मागितले, हिला अजून थोडे झोपू दे. तेही मिळाले नाही.

आज एकटीच जेवशील. प्रार्थना म्हणावीशी वाटली नाही तर म्हणू नकोस, पण मान खाली घाल. आमेन म्हणून तुला उठवायला घरात कोणी नाही.

मम्मी