वावर, गवताचे बीड आणि प्रेमिला

मी, अंजनाबाई, कै. गणपतराव भोयर यांची पत्नी, वय सहासष्ट, धंदा शेती, राहणार मौजा सावळधरा, हिंगण्याजवळ, जिल्हा नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भरीस घालण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने करून ठेवते. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी माझे हृदय थकल्याचे सांगितले आहे. डोके थकल्याचे त्यांनी म्हटलेले नाही. तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वरचे आठ एकर वावर, त्याखाली नाल्याकाठचे तीन एकर गवताचे बीड, राहते घर, गुरांचा कोठा आणि विहीर ही मिळकत पती वारल्यावर माझ्या एकटीच्या नावे चढली. मला मूलबाळ नाही. ही सर्व मिळकत मी प्रेमिला हिला देते.

येथे वकिलांनी लेखणी थांबवून विचारले, "नातं काय लिहू?"

मी म्हटले, "सवत."

ते म्हणाले की पहिली बायको हयात असताना सत्तावन्न साली लागलेले लग्न कायदा मानत नाही. "कायद्यानं ती तुमची कोणीच नाही, बाई."

"मंग कोनीच नाही असं लिहा," मी म्हटले, "अन् सारं तिलेच द्या."

जमीन तिच्या हयातीपुरती द्यावी, मागून ती पुतण्याकडे जावी, असेही त्यांनी सुचवले. ते मला मान्य नाही. जमीन कायमची तिची. तिने ती विकावी, गहाण टाकावी, मनात आले तर पडीक ठेवावी. म्हातारीने असे का केले हे उद्या कोणाला कोर्टात विचारायचे असेल, तर त्याने पुढचे वाचावे.

गणपतराव मुलासाठी दुसरी बायको घेऊन आले, ती प्रेमिला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिच्याही पदरी मूल आले नाही, तेव्हा उणे कोणात होते ते गावाला कळून चुकले. कोणी बोलून दाखवले नाही. मीही नाही, कारण माणूस मनाचा वाईट नव्हता. मात्र आम्ही दोघी एका घरात राहून परक्या होतो. चूल आणि वावर माझे, कोठा आणि ढोरे तिची. बोलणे कामापुरते.

चौसष्टच्या कार्तिकात गणपतराव तापाने गेले. तेरवी झाल्यावर माझे दीर वामनराव अंगणात सर्वांदेखत तिला म्हणाले, "आता तुमचं इथं का काम हाय? उद्या दमणी जुपतो, माहेरी पोचवून देतो." ती आत गेली आणि गाठोडे बांधू लागली.

सकाळी गाठोडे दाराशी होते, ती नव्हती. शोधत खाली गेले तर ती बीडात. कापलेले गवत सगळे पसरलेले, हिंगण्याच्या बाजूने आभाळ काळे होऊन आलेले, आणि ही एकटी गंजी लावत होती.

"काहून करून राहिली वं?" मी विचारले. "तू तं जानार आहेस ना?"

"मी जाऊन राहिली, हे ढोरांले का मालूम, ताई?" ती हात न थांबवता म्हणाली.

मी पदर खोचला. ती गंजीवर चढली, मी खालून पेंढ्या फेकू लागले. गंजीचा माथा नीट निमुळता झाला नाही तर पाणी आत मुरते आणि सारे गवत सडते. तिने माथा असा बसवला की मी आजवर तसा पाहिला नाही. शेवटची पेंढी वर गेली आणि पाऊस कोसळला. आम्ही दोघी गंजीच्या आडोशाला चिंब उभ्या होतो. मी म्हटले, "गंजी तू लावली. उन्हाळ्यात उपसाले कोन येईन?"

ती रडू लागली. मग मीही.

वामनराव दमणी घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "भाऊजी, रिकामी न्या." ते त्यानंतर आमच्याकडे जेवले नाहीत. त्यांना क्षमा.

कलम २. शेत कसे करावे याबद्दल सूचना देणार होते, देत नाही. आमची भांडणे गावाला पाठ आहेत. मला संकरित ज्वारी हवी, कारण दाणा भरपूर आणि लवकर. तिला उंच गावरान हवी, कारण कडबा गोड. ती म्हणे, "ढोरं उपाशी राहिली तं वखर तुमी ओढान का?" मी म्हणे, "अन् मानसं का कडबा खातीन?" शेवटी वावर मधोमध वाटून दोन्ही पेरू लागलो, आणि भांडण मधल्या धुऱ्यावर आले.

बहात्तर साली पाऊस पोळ्याआधीच गेला. माझ्या ज्वारीला निम्मे दाणे भरले. तिचे कणीसच बाहेर आले नाही. लोकांनी असे कोमेजलेले पीक हिरवेच ढोरांपुढे टाकले आणि ती विष चढून मेली. प्रेमिलाने उभे पीक कापून पार कडकडीत वाळवले, मगच चारले, आणि वर बीडातले गवत. आम्ही माझे खाल्ले, ढोरांनी तिचे. गावातले बैल मिळेल त्या भावात बाजारात गेले. आमचे कोठ्यात राहिले. पुढच्या मृगात शेजाऱ्यांची वावरे आमच्याच बैलांनी वखरली, आणि प्रेमिलाने कोणाकडून काही घेतले नाही. मी घेतले असते. म्हणूनही जमीन तिची.

कलम ३. दोन बैलजोड्या, गायी, वखर, तिफण, विळे आणि कडबा कापायचे यंत्र प्रेमिलाकडेच राहील. लाल गाय मारकी आहे. मात्र तिला विकू नये, ती प्रेमिलाला मारत नाही.

कलम ४. वामनरावांचा मुलगा भैय्याजी कारखान्यात नोकरीस आहे. मागच्या पोळ्याला तो प्रेमिलाला म्हणाला, "मोठी काकू गेल्यावर तुमचं कसं होईन? इथं प्लॉट पाडले तं बरा भाव येईन." ते मी आतून ऐकले. पण माझ्या छातीत दुखले तेव्हा मोटरसायकलवर मला धरमपेठेत नेणारा तोच, आणि वाटेत रडणाराही तोच. त्याला गणपतरावांची दमणी आणि माझ्या हातची चांदीची वाकी. जमिनीवर त्याने दावा लावू नये. प्रेमिलाकडे दिवाळीला जेवायला जावे.

कलम ५. माझ्या चितेला अग्नी प्रेमिलाने द्यावा. गावाला चालत नसेल तर गावाने घरी बसावे.

हे कलम मी कालच तिला सांगितले. ती भाकरी थापत होती.

"मले नाही जमनार, ताई."

"जमते."

"अन् मीच आधी गेली तं?"

आज वकिलांनीही तेच विचारले. अशी तरतूद लिहावी लागते म्हणाले. म्हणून शेवटचे कलम.

कलम ६. प्रेमिला माझ्याआधी गेल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावे. मग ज्याला जे हवे ते त्याने न्यावे. मी आड येणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या बोलण्याप्रमाणेच आहे, म्हणून खालील दोघांसमक्ष सही करते.

ठिकाण : नागपूर
तारीख : ९ मे १९८१

(सही) अंजनाबाई गणपतराव भोयर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. (सही) देवराव लहानू झाडे, शेतकरी, मौजा सावळधरा
२. (सही) शोभाताई बाबाराव डहाके, शिक्षिका, हिंगणा