काठी खाली येईपर्यंत

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. कारण एकच. पुरावा. घरात आणि बँडात माझ्याबद्दल जे काही कुजबुजलं जातंय ते किती फालतू आहे, हे पुढेमागे मलाच वाचून हसायला बरं पडेल.

कालची हकिकत. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन. आमचा धारवाडच्या मळमड्डीचा नागरिक बँड, बारा माणसं, सगळे पेन्शनर. पुढे मी, चांदीच्या मुठीची काठी घेऊन. अकरा वर्षं झाली. नियम मीच घातलेला: काठी वर गेली की सुरू, खाली आली की बंद. मध्ये आभाळ कोसळलं तरी कुणी स्वतःच्या अकलेनं थांबायचं नाही.

तर म्हणे काल मी काठी खाली आणलीच नाही. म्हणे डोळे उघडे ठेवून नुसता खांबासारखा उभा. बँड आपला दोन नंबरची चाल वाजवतोय, वाजवतोय. आठ वेळा. प्रमुख पाहुण्यांचा सॅल्यूटचा हात लटपटायला लागला. शेवटी हेडबाईंनी येऊन काठी धरून खाली ओढली.

मला एवढंच आठवतं की चाल सुरू झाली आणि संपली. एकदम चोख. आणि दहा मिनिटं हात वर धरता येत नाही तर माणसानं पाहुणा म्हणून यावंच कशाला?

१९ ऑगस्ट

कारण सापडलं. टोपी. युनिफॉर्मची टोपी घट्ट आहे, रक्त वर जात नाही. शांताला सांगितलं. ती बायको असून काही बोलली नाही, म्हणजे पटलं असणार.

संध्याकाळी सुभाष रोडला टेलरकडे. त्यानं टोपी माझ्या डोक्यावर ठेवून आत दोन बोटं घालून दाखवली. म्हणाला, सर, सैलच आहे की हो. म्हटलं, तुला शिवायला सांगितलंय, मोजायला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रॅक्टिस. टोपी सैल. तीन वेळा डोळ्यांवर आली. हवा मात्र छान लागते.

वेंकटेशनं (कॉर्नेट वाजवतो, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, ऐकणारा) एक सूचना मांडली. चाल चार वेळा होऊनही काठी हलली नाही तर संतोषनं मोठ्या ड्रमवर दोन ठोके द्यावेत आणि सगळ्यांनी थांबावं. बाळाचार्य लगेच क्लॅरिनेट तोंडातून काढून हो हो म्हणाले. म्हणजे आधी ठरवून आले होते.

मी साफ नाही म्हटलं. बँड काठीचं ऐकतो. ड्रमचं ऐकायला लागला की त्याची वरात होते. अंबूताई मतदान घेऊया म्हणाल्या. बाई झांज वाजवतात, त्यांना हे कोण शिकवतं? मतदान घेतलं नाही.

निश्चय: रोज पाच बदाम. रोज पहाटे चालणं. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, सबंध धारवाड रस्त्यावर. तेव्हा दाखवतो.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी

काल गणपती विसर्जन. शांतपणे लिहितो.

मिठाईच्या दुकानापर्यंत सगळं उत्तम. पोरं नाचत होती, मी काठी फिरवत होतो, वरच्या गच्चीवरून फुलं पडली. त्यानंतर बस डेपो.

मधलं फार महत्त्वाचं नाही.

त्यांचं म्हणणं असं. गणपतीची गाडी उजवीकडे विहिरीकडे वळली आणि मी सरळ गेलो. आणि माझ्यामागे अकरा माणसं सरळ गेली. दोन नंबर वाजवत. माझी चूक कशी? गाडीच्या ड्रायव्हरनं मागे बघायला नको? गणपतीचं विसर्जन बँडशिवाय झालं, पोरांनी शिट्ट्या वाजवून भागवलं.

बाळाचार्य एकाहत्तरचे. पोटाला पट्टा. सबंध चढ फुंकत फुंकत आले. मी विचारलं, थांबला का नाही? तर म्हणाले, तुम्हीच थांबू नका म्हणून अकरा वर्षं ठोकून ठेवलंय की आमच्या डोक्यात.

डेपोपाशी सिटी बसनं ब्रेक मारला. अंबूताईंची झांज बसच्या तोंडावर आपटली. मला जाग आली ती त्या आवाजानं. (जाग हा शब्द चुकला. लक्ष गेलं.) ताई रस्त्यावर खाली बसल्या होत्या, लागलं कुठेच नाही, पण उठायला काही तयार नव्हत्या. झांजेला पोचा. ड्रायव्हर कन्नडमध्ये माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होता.

झांज मी स्वखर्चानं ठोकून देणार आहे. विषय संपला.

११ सप्टेंबर

पल्लवी हुबळीहून रजा काढून आली. लेकीला बँकेत कामं नाहीत बहुतेक. मला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे काल दाढी फुटलेला पोरगा. शंभरातून सात सात वजा करा म्हणाला. मी पीडब्ल्यूडीत एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो, मला वजाबाकी! सुरुवातीला तीन शब्द सांगितले आणि शेवटी परत विचारले. दोन बरोबर सांगितले. तिसरा त्यानं सांगितलाच नव्हता. त्याला तसं स्पष्ट म्हटलं. तो पल्लवीकडे बघून काहीतरी लिहीत बसला.

स्कॅन करा म्हणतो. स्कूटर बंद म्हणतो. आणि रस्त्यावर कुणाच्या पुढे चालायचं नाही म्हणतो. अरे, मग मी चालू कुठे?

येताना रिक्षात पल्लवी रुमाल तोंडाला लावून बसली होती. सर्दी झालीये पोरीला.

२५ सप्टेंबर. सकाळी ५.५०

चालायला निघतोय. हवा उत्तम. काठीही घेतो, तेवढीच प्रॅक्टिस.

त्याच दिवशी, दुपारी १

पार हुबळीजवळ, अमरगोळला गेलो होतो. मार्केट यार्डात. कांद्याचा भाव बघायला. माणसाला कांद्याचा भाव बघावासा वाटू शकतो.

बसनं गेलो की पायी ते नक्की सांगता येणार नाही. खिशात तिकीट नाही. पायात चप्पलही नव्हती, पण सकाळी गवतावर अनवाणी चालावं असं हल्ली सगळेच सांगतात. तळव्यांना फोड आलेत.

यार्डात पोत्यांच्या थप्प्यांमधून मी काठी उंच धरून चाललो होतो म्हणे. एका हमालानं विचारलं, अज्जा, मेरवणिगी एल्लि? मिरवणूक कुठाय? मी मागे वळून बघितलं.

मागे कुणी नव्हतं.

ते मला फार विचित्र वाटलं. अजून वाटतंय. मला स्वच्छ ऐकू येत होतं की सगळे वाजवतायत.

एका आडत्यानं खुर्ची दिली, चहा दिला, माझ्याच खिशातली चिठ्ठी वाचून पल्लवीला फोन लावला. खिशात चिठ्ठी कुणी घातली? शांताला विचारलं तर ती पाठ करून भाजी चिरत बसली. दहा किलो कांदे आणले आहेत. म्हणजे मी कांद्यालाच गेलो होतो, हे सिद्ध.

१२ ऑक्टोबर, रविवार

घरी सगळा बँड. न सांगता. सतरंजी कमी पडली. शांतानं कांद्याची भजी केली, कांदे संपेनात.

मुद्दा असा की १ नोव्हेंबरला काठी वेंकटेशकडे द्यावी. वेंकटेश स्वतः मान खाली घालून बसला होता, सतरंजीचा दोरा उपटत. म्हणाला, अण्णा, मला नको होतं हो, खरंच नको. अंबूताई म्हणाल्या, गणपतअण्णा, रागावू नका, आम्हाला भीती वाटते हो तुमच्यामागून चालायला. संतोष म्हणाला, होगली बिड्री, अण्णा, मानानं सोडा. जाऊ द्या म्हणे! ह्याला ड्रमचा पट्टा बांधायला मी शिकवलं.

मी उठून आत गेलो. अकरा वर्षांचा हा मोबदला. रडू आलं, लिहायला लाज कसली.

स्वयंपाकघरात शांता होती. अकरा वर्षांत माझ्या बँडबद्दल एक शब्द बोलली नाही ही बाई. आज बोलली. म्हणाली, तुम्ही पुढे आणि अकरा माणसं डोळे मिटून मागे. त्यांच्याही घरी कुणीतरी गॅस बारीक करून वाट बघत असतं. एवढंच. परत भज्यांकडे वळली.

पटलं असं नाही. पण झोपमोड झाली माझी.

२३ ऑक्टोबर

निर्णय घेतला. मी स्वतः घेतला, कुणी घ्यायला लावला नाही. काठी वेंकटेशला देणार. त्याच्या घरी जाऊन, स्वतःच्या हातानं, रीतसर. माणसानं मानानं बाजूला व्हावं.

भाषण तयार केलंय. लहानसंच. "वेंकटेश, काठी हातात असते तोवर माणूस मोठा दिसतो. ती देतो तेव्हा तो मोठा होतो. ही घे, आणि माझ्या माणसांना सुखरूप घरी आण." पहिली दोन वाक्यं दात घासताना सुचली. आरशासमोर म्हणून बघितलं. शेवटच्याला आवाज फुटतो. फुटू दे, परिणाम होईल.

२६ ऑक्टोबर, रविवार

विशेष काही नाही. घरीच. दुपारचा चहा शांतानं दिला नाही, आताच पिऊन आलात म्हणते. हिचंही वय झालं.

२९ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी

आज गेलो. दारामागून काठी घेतली, पेपरात गुंडाळली, वर सुतळी. पांढरा शर्ट. शांता आंघोळीला होती, तिला आल्यावर सांगू म्हटलं.

वेंकटेशनं दार उघडलं आणि माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघत राहिला. मला वाटलं, भारावला. त्याची बायको सुनिता आतून हात पुसत आली. मी बसलो नाही. उभं राहूनच सुरू केलं. काठी हातात असते तोवर माणूस मोठा दिसतो.

सुनिताचे ओठ हलत होते.

मी पुढचं वाक्य म्हटलं, तर तिच्या ओठांवर तेच. माझ्याबरोबर. बाई मुद्दाम करत नव्हती, डोळे भरलेले होते तिचे. मी थांबलो. विचारलं, तुला हे कसं ठाऊक?

मग वेंकटेश आत गेला आणि काठी घेऊन आला. माझीच काठी. मुठीला हळदकुंकू लावलेलं, ताजा हार. म्हणाला, अण्णा, रविवारी दिलीत की तुम्ही. इथंच उभे होतात. मी पाया पडलो तर तुम्ही रडलात, आणि चहा घेऊन गेलात.

मी पेपर फाडला. आत जळमटं काढायचा बांबू होता.

किती वेळ गेला माहीत नाही. सुनितानं चहा दिला, हातात कप धरवून. मी घाबरलो आहे. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार? कांदा नाही, टोपी नाही, ड्रायव्हर नाही. रविवार माझ्याजवळ नाहीच आहे. सगळं आयुष्य घालवून एक चांगली गोष्ट केली, आणि ती केली तेव्हा मी तिथे नव्हतो.

वेंकटेश घरापर्यंत सोडायला आला. बांबू त्याच्या खांद्यावर. चौकापर्यंत नीट आलो. तिथे मला डावीकडे की उजवीकडे ते कळेना. उभा राहिलो. रिक्षा जात होत्या, एक जण हॉर्न मारून गेला. वेंकटेशही दोन पावलं मागे उभा. हात धरला नाही. अकरा वर्षांची सवय, मी हलल्याशिवाय तो हलणार नव्हता.

मग मीच म्हटलं, तू हो पुढं.

झाला तो. मी त्याच्या मागून घरी आलो.